हिरणीची रिकीब

निजामपुऱ्यात मोहनराव जगतापांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. फाटकातून आत पाऊल टाकल्याबरोबर जिथं आधी सायकली आडव्या येतात, ते त्यांचं घर. पत्र्याच्या शेडखाली पाच-सहा उभ्या, दोन भिंतीला टांगलेल्या आणि एक कायम उताणी पडलेली. बाजव्याच्या रिफायनरीत जन्मभर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला लागतात, हे भंगारवाल्यांच्या दारी लागले.

"दुसऱ्यांचे नवरे सोमनाथ-द्वारका करून येतात," संयोगिताबाई म्हणत, "आमचे फतेपुऱ्याच्या भंगाराला प्रदक्षिणा घालून येतात. प्रसाद म्हणून गंज आणतात."

मोहनरावांना त्याचं काही वाटत नसे. जुन्या विलायती सायकली ओळखण्यात बडोद्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं लोक म्हणत, आणि लोकांच्या आधी ते स्वतः म्हणत. कोणी मोबाईलवर फोटो पाठवला की चष्मा कपाळावर चढवून एका दमात सांगायचे: चौकट अमक्या कारखान्याची, चाकं मागाहून घातलेली, ब्रेक खरे, घंटा खोटी. त्यांचा एकच दंडक होता. सायकल कारखान्यातून जशी निघाली तशीच दिसली पाहिजे. मधल्या काळात मालकानं तिला जे काही जोडलं, चिकटवलं, रंगवलं, त्या सगळ्याला त्यांच्या भाषेत एकच शब्द होता: घाण.

तर पावसाळा सरता सरता फतेपुऱ्याच्या त्यांच्या नेहमीच्या भंगारवाल्याकडे लोखंडी खाटांच्या ढिगाखाली त्यांना एक सायकल दिसली. अंगावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर. हँडलवर हळदीकुंकवाची साल चढलेली, दांडीला झेंडूच्या वाळक्या हाराचा दोरा.

"लई जाव ने काका, लोखंडना भावे," भंगारवाला म्हणाला. तिला कापायलाच काढली होती.

मोहनरावांनी ती रिक्षाच्या टपावर बांधून घरी आणली. तिला वाचवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असा काही होता की संयोगिताबाईंनी त्या दिवशी टोमणासुद्धा मारला नाही.

मग सुरू झाली ओळखपरेड. सीटखालच्या नळीवरचा रंग ब्लेडनं हलक्या हातानं खरवडला तेव्हा आकडे दिसले. पुढच्या दातेरी चक्राला रॉकेल लावून ते वंगणाचं कीट काढू लागले आणि एकदम ओरडले, "अगं, बगळे! बगळे निघाले!" संयोगिताबाई हातातली पळी घेऊन अंगणात आल्या आणि आभाळाकडे बघू लागल्या. बगळे चक्राच्या कोरीव जाळीत होते, लांब चोचींचे. मागच्या चाकाच्या हबवर ठोकलेलं साल सापडलं: पन्नास. मूळ काळ्या रंगावर सोनेरी रेघांचे तुकडे हिरव्याखाली शाबूत होते. मोहनरावांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. हात धुऊन केव्हा परत शेडमध्ये जातो असं झालं होतं.

एकच गोष्ट त्यांना खटकली. डाव्या बाजूला, मागच्या आसापाशी, कोणीतरी लोखंडाचा एक वाकडा तुकडा पितळ वितळवून जोडला होता. रंगाच्या थरांनी त्याचं ढेकूळ झालं होतं. चढायला पायरी केली असावी, असं त्यांनी ठरवलं. "जुगाड," ते म्हणाले, आणि ग्राइंडर लावला. तुकडा खाली पडला तेव्हा त्याच्यावरचा रंग उडून एका कडेला वेलीसारखी बारीक नक्षी दिसली. मोहनरावांच्या डोळ्यांना ती दिसली. खोटं कशाला बोला, अगदी स्पष्ट दिसली. पण ती कुठल्या कारखान्याची खूण नव्हती, म्हणून त्यांनी तो तुकडा कापलेल्या इतर भंगाराच्या डब्यात टाकला, आणि तो डबा पुढच्या फेरीत भंगारवाल्याकडे रवाना झाला.

कापल्या जागी त्यांनी जे काम केलं ते मात्र बघण्यासारखं होतं. कानशीनं घासलं, मग पॉलिश पेपरानं, मग त्याहून बारीक पेपरानं. डोळे मिटून बोट फिरवलं तरी इथं कधी काही होतं असं कळू नये, इतकं. काळा रंग चढवला, सोनेरी रेघा ओढल्या. सायकल अशी उभी राहिली की फाटकाशी थांबून लोक फोटो काढू लागले.

वासण्याला नवं कॅफे काढणारा हार्दिक ती बघायला आला. मोहनरावांच्या रिफायनरीतल्या दोस्ताचा हा पुतण्या. मराठीच, पण तोंडात मराठीपेक्षा गुजराती जास्त.

"काका, एकदम जोरदार छे! भिंतीवर लावणार. पण ओरिजिनल आहे ने?"

"मग काय तर," मोहनराव म्हणाले. "हा हब बघ, साल आहे. हे बगळे बघ. ब्रेकच्या काड्या बघ, नट बघ. हिच्या अंगावर एक स्क्रूसुद्धा परका नाही. दुरुस्त केलेल्या सायकलीला एक भाव आणि अशा सायकलीला दुसरा."

हार्दिकनं जो भाव कबूल केला त्यात चांगली मोटरसायकल निम्मी आली असती. दसऱ्याच्या मुहूर्तावर टेम्पो पाठवतो म्हणाला. तो गेल्यावर मोहनरावांनी सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली लिहिलं, की डाव्या बाजूचा एक जुगाड कापून काढावा लागला, जागा ओळखून दाखवा. कोणालाही ओळखता आली नाही. मोहनराव दिवसभर गालातल्या गालात हसत होते.

नवरात्र बसलं, आणि एका सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. तिच्यातून पन्नाशीची एक बाई उतरली आणि तिच्या हाताला धरून एक उंच, वाळके म्हातारे गृहस्थ. पांढरी मिशी, काळा चष्मा. बाईंनी नमस्कार केला. त्या निरुपमा माने. म्हातारे त्यांचे सासरे, बळवंतराव. रेल्वेच्या कारखान्यातून केव्हाचे निवृत्त झालेले आणि आता काचबिंदूनं दृष्टी गेलेले.

"काका, माफ करा हं, न कळवता आलो," निरुपमाबाई म्हणाल्या. "आम्ही दांडिया बाजारातलं घर सोडून वासण्याला फ्लॅटमध्ये गेलो. सामान हलवताना हमालांनी बाबांची सायकल भंगारात घातली. मी वर देव बांधत होते, माझं लक्ष नव्हतं. तेव्हापासून शोधतोय. फतेपुऱ्यात एक जण म्हणाला, निजामपुऱ्याचे काका जुन्या सायकली नेतात, त्यांना विचारा."

"कशी होती?" मोहनरावांनी विचारलं. त्यांना मदत करायची हौस होती.

"हिरवी. ऑइलपेंटची. आणि डाव्या बाजूला मागे रिकीब होती."

"रिकीब?"

उत्तर बळवंतरावांनी दिलं. आवाज वयाच्या मानानं खणखणीत होता. "आमचे आजोबा सरकारच्या पागेत होते, साहेब. त्यांची घोडी हिरणी. पागा मोडली, घोडी गेली, तिची एक रिकीब तेवढी घरात राहिली. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या साली आमच्या वडिलांनी सायकल घेतली आणि ती रिकीब लोहाराकडून तिला जोडून घेतली. नावही तेच ठेवलं. आमच्यात दसऱ्याचं सीमोल्लंघन पायी करत नाहीत. डावा पाय रिकिबीत घालून चढायचं, मग शीव ओलांडायची. गेल्या वर्षीपर्यंत या सुनेनं मला धरून बसवलं, नातवानं हँडल धरलं, आणि आम्ही गेलो. आता दसरा आला, आणि घोडी नाही."

मोहनरावांची नजर शेडमधल्या काळ्या सायकलीकडे गेली.

हे त्यांना न कळण्यासारखं नव्हतंच. तेही शिपायाच्याच वंशातले. त्यांच्याही घरी खंडेनवमीला धार गेलेल्या तलवारीला आणि स्कूटरला एकाच पाटाशी हळदकुंकू वाहिलं जाई. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर पूजेत मांडणारा हा माणूस हँडलवरची हळदीची साल रॉकेलनं धूत बसला होता, आणि ती कोणी, कशासाठी वाहिली असेल असा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही.

निरुपमाबाईंनी शेडमध्ये एक चक्कर मारली. काळ्या, चकचकीत सायकलीपाशी त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "नाही हो बाबा, हिरवी एकही नाही," त्या म्हणाल्या. "रंग बदलता येतो," बळवंतराव म्हणाले. "मला हात लावू द्या."

ते एकेका सायकलीला हात लावत पुढे सरकत होते, आणि मोहनराव मनाशी म्हणत होते, बोलतो. आत्ता बोलतो. पुढच्या सायकलीपाशी बोलतो. बोलायचं म्हणजे कापली हे सांगायचं. कापून वर ग्रुपवर मिरवलो हेही आलंच. हार्दिकला शब्द दिला होता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ज्याला सगळं बडोदं जाणकार म्हणतं, त्याला घोड्याची रिकीब ओळखता आली नाही हे एका आंधळ्या माणसासमोर कबूल करायचं होतं.

बळवंतराव काळ्या सायकलीपाशी आले. हँडलवर हात ठेवला आणि थांबले. मुठींवरून बोटं फिरवली, ब्रेकच्या काडीवरून खाली आणली, दांडीवर तळवा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. "निरुपमा," ते हळू म्हणाले, "हिचा बांधा..."

मग ते वाकले. सुनेचा हात सोडून, गुडघ्यावर हात टेकवून कष्टानं वाकले आणि त्यांनी डावा हात मागच्या आसापाशी नेला. हात न चाचपडता नेमका तिथं गेला. बोटांनी नळी चाचपली. पुन्हा चाचपली. अंगठ्यानं घासून पाहिलं. मोहनरावांनी कुठेतरी हयगय केली असती, एखादी कुसळाएवढी धार ठेवली असती, तर त्या अंगठ्याला ती कळली असती. पण त्यांनी काम चोख केलं होतं.

"नाही," बळवंतराव ताठ होत म्हणाले. "ही माझी नाही."

सायकल कुठे दिसली तर कळवा म्हणून निरुपमाबाईंनी पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला. जाताना बळवंतरावांनीच मोहनरावांना हात जोडले. "तुम्हाला तसदी दिली. तुमच्या दारी सायकली सुखात आहेत, साहेब. आमची तुमच्या हाती लागली असती तर बरं झालं असतं." रिक्षा गेली. मोहनराव फाटकाची कडी हातात धरून तसेच उभे राहिले.

संयोगिताबाई दारातून सगळं बघत होत्या. शेडमधला लोखंडाचा कीस त्यांनीच झाडला होता.

"तीच ना?" त्यांनी विचारलं.

मोहनरावांनी कडी सोडली आणि मान हलवली.

"अहो, एवढा वेळ तो माणूस वाकून उभा होता, आणि तुमच्या तोंडातून शब्द फुटू नये?"

"रिकीब घेऊन येतो," मोहनराव म्हणाले. "जोडून देतो पहिल्यासारखी. मग सांगतो." गुन्हा करणाराला आधी पुरावा जागेवर ठेवावासा वाटतो, तसंच हे. स्कूटर काढली आणि फतेपुरा गाठला. भंगारवाल्यानं सहानुभूतीनं मान हलवली. "काका, ए तो गयुं. ट्रक भराईने भठ्ठीमां गयुं."

पुढचे दिवस मोहनरावांचे मोठे वाईट गेले. बाजारातून दुसरी जुनी रिकीब आणावी, जोडावी आणि सापडली म्हणून सांगावं, असंही एकदा मनात आलं. आणि ते मनात आलं याचीच त्यांना स्वतःची किळस आली. ग्रुपवरचा तो फोटो त्यांनी पुसला, पण त्याखालच्या वाहवा पाठ झाल्या होत्या. गरब्याचे ढोल ऐकू आले की दसरा जवळ आल्याचं ध्यानात येई आणि ते ताटावरून उठत.

खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी हार्दिकला फोन लावला आणि सायकल देत नाही म्हणाले. हार्दिक चिडला. "काका, एवुं थोडं चालतं? भिंतीवर हुकसुद्धा ठोकले!" मोहनरावांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. नंतर त्यांनी स्वतःच्या घरच्या पूजेला हात लावला नाही. सायकल बाहेर काढली आणि निजामपुऱ्याहून वासण्यापर्यंत हातात धरून चालत नेली. तिच्यावर बसण्याची त्यांची छाती झाली नाही.

मान्यांच्या इमारतीत खाली पार्किंगमध्येच पूजा मांडली होती. धुतलेल्या मोटारी, स्कूटर, पाटावर एक जुनी तलवार. बळवंतराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले होते. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा. निरुपमाबाईंच्या हातात ताम्हन होतं.

मोहनरावांनी सायकल उभी केली आणि सांगितलं. मधे थांबलो तर राहून जाईल या भीतीनं भराभरा सांगितलं: रंग काढल्याचं, रिकीब कापल्याचं, ती भट्टीत गेल्याचं. त्या दिवशी समोर उभा राहून गप्प बसलो, हेही सांगितलं.

निरुपमाबाईंचा चेहरा लाल झाला. "काका, बाबांनी तुम्हाला हात जोडले होते! आणि घरी येऊन ते दोन दिवस जेवले नाहीत. तुम्हाला एक फोन करता आला नाही?"

"नाही करता आला," मोहनराव म्हणाले. "भ्यायलो."

बळवंतरावांनी हात पुढे केला. "मला तिथं न्या."

मोहनरावांनी त्यांना खुर्चीवरून उठवलं, सायकलीपाशी नेलं आणि त्यांचा हात धरून आसापाशी टेकवला. "इथं होती," ते म्हणाले. म्हातारी बोटं त्या गुळगुळीत नळीवरून फिरत राहिली. मोहनराव मान खाली घालून उभे होते. आता शिव्या येतील, आल्याच पाहिजेत. कानाखाली बसली तर त्याहून बरं. तेवढ्यासाठीच तर ते आले होते.

"म्हणजे त्या दिवशी हीच होती," बळवंतराव म्हणाले.

"हो."

"माझ्या हाताखाली."

"हो, दादासाहेब."

"आणि मी म्हणालो, ही माझी नाही."

मोहनरावांनी चमकून वर पाहिलं. म्हाताऱ्याचा आवाज आता खणखणीत राहिला नव्हता.

"शाळकरी वयापासून बसलो हिच्यावर. लग्नात हिच्यावर गेलो. तुमची चूक म्हणजे तुम्ही ओळखलं नाही. तुम्ही परके होतात. मी तर घरचा. माझ्या हाताला बांधा कळला होता हो. सगळं कळलं होतं. एक रिकीब नाही म्हणून मी हिला परक्याच्या दारी टाकून आलो. लंगडी झाली म्हणून घोडी टाकून येणाऱ्याला आमच्यात काय म्हणत, ठाऊक आहे?"

"नाही नाही, असं नका म्हणू," मोहनराव घाईघाईनं म्हणाले. "दोष सगळा माझा आहे. मीच फसवलं तुम्हाला."

"तुमचा तुमच्यापाशी," बळवंतराव म्हणाले. "माझा मला."

निरुपमाबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, समजूत घालू लागल्या. ते ऐकत होते असं वाटलं नाही. हरवलेल्या घोडीचं दुःख घेऊन बसलेला हा माणूस सकाळपर्यंत निदान मानानं बसला होता. मन हलकं करायला म्हणून मोहनराव आले, आणि आपलं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवून बसले. त्यांचं स्वतःचं तर तसूभरही हललं नव्हतं.

"उद्या मला वर चढवू नकोस, निरुपमा," बळवंतराव सायकलीच्या दिशेनं तोंड करून म्हणाले. "हिला पुढे चालू दे. मी मागनं पायी येईन."

"बाबा, शीव केवढी लांब! तुम्हाला झेपायचं नाही."

"येईन."

मोहनरावांना म्हणावंसं वाटलं की मीही येतो, मी हात धरतो. पण कुठल्या नात्यानं म्हणणार? ते ताम्हनाच्या पलीकडे, मोटारींच्या रांगेत, अवघडून उभे राहिले. आणि त्यांना कोणी जा म्हणालं नाही, बसाही म्हणालं नाही.